एका सर्व्हरसाठी 'सार' पुरेसं आहे

एकच सर्व्हर सांभाळत असाल, तर प्रोमिथियस-ग्राफाना (सर्व्हरचे आकडे गोळा करून आलेखात दाखवणारी साधनं) मांडायची घाई करू नका. १ जीबी रॅमच्या मशिनला ते जडच जातं. त्याऐवजी सिसस्टॅट टाका. हा सर्व्हरच्या कामाच्या नोंदी ठेवणारा लिनक्सचा छोटा साधनसंच आहे, आणि 'सार' ही त्यातली नोंदी दाखवणारी आज्ञा. उबंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांवर नुसतं टाकून भागत नाही, नोंदी घेणं वेगळं चालू करावं लागतं. हेच नेमकं राहून जातं! मग दर १० मिनिटांनी सीपीयू, मेमरी, डिस्कचे आकडे फाइलीत साठतात. पहाटे ३ वाजता साइट रखडली, तरी सकाळी 'सार' चालवून तेव्हाची स्थिती बघता येते. मी आधी आयओवेट, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत रिकामा राहिल्याची टक्केवारी, बघतो. तो चढलेला आणि सीपीयूचं काम कमी, म्हणजे प्रोग्रॅम डिस्कसाठी खोळंबलेत. तेव्हा बॅकअप त्याच वेळी चालतो का ते तपासा. सर्व्हर पूर्ण बंद पडल्याचं मात्र हे कळवणार नाही, त्यासाठी दुसऱ्या मशिनवरून तपासणी हवी.