सलग चार होम रन स्कोअरबुकात कसे लिहायचे

पुण्यात मी धाकट्या भावाच्या क्लबचा क्रिकेट स्कोअर लिहायचे, म्हणून बेसबॉलचं स्कोअरबुक हातात आलं तेव्हा वाटलं, यात काय एवढं! तिथे चेंडूगणिक टिंब, इथे बॅटर आला की त्याला एक चौकट, आत बेसचा इवलासा शंकरपाळा, बॅटरने एकेक बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला की त्याची एकेक बाजू. पेन्सिल घ्या, पेन नको. का ते कळेलच.

सरावाला 18 सप्टेंबर 2006 चा डॉजर स्टेडियमवरचा सामना घ्या. सॅन डिएगो पॅड्रेस 9-5 ने पुढे, लॉस एंजेलिस डॉजर्सची नववी इनिंग, प्रेक्षक पार्किंगच्या वाटेला लागलेले.

डॉजर्सच्या जेफ केंटचा होम रन, म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस पार. शंकरपाळ्याच्या चारही बाजू गिरवा, शेजारी 'एचआर' लिहा आणि आतला भाग रंगवा. रंगवलेला शंकरपाळा म्हणजे धाव. आरबीआयच्या, म्हणजे बॅटरच्या फटक्याने आलेल्या धावांच्या, रकान्यात 1. मग जे. डी. ड्रू, अगदी तसंच.

आता हात आवरा. पॅड्रेसचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉन अॅडकिन्स याला काढून ट्रेव्हर हॉफमन येतोय. ड्रू आणि पुढचा रसेल मार्टिन यांच्या चौकटींमध्ये जाड आडवी रेघ मारा. ही रेघ मारायची राहिली की चारही होम रन बिचाऱ्या अॅडकिन्सच्या नावावर. मी नेमकं हेच केलं होतं, आणि तेही पेनने!

हॉफमनच्या पहिल्याच चेंडूवर मार्टिनचा होम रन, त्यानंतरच्याच चेंडूवर मार्लन अँडरसनचा. 9-9. या चौघांपैकी एकाच्याही वेळी बेसवर कुणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला आरबीआय एकेकच. आउट अजून शून्य, आउटच्या गोलात काही लिहू नका. हॉफमनसमोर मात्र 'ब्लोन सेव्ह' लिहायचा, म्हणजे राखायला आलेली आघाडी त्याने घालवली. एवढ्या मोठ्या पिचरसमोर तो लिहिताना मला कसंतरीच झालं.

दहाव्या इनिंगमध्ये पॅड्रेसची एक धाव, 10-9. मग डॉजर्सचा केनी लॉफ्टन वॉकवर, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटात, पहिल्या बेसवर आला. 'बीबी' लिहून त्याच्या शंकरपाळ्याची पहिलीच बाजू गिरवा. नोमार गार्सियापाराने होम रन मारला की आधी लॉफ्टनच्या चौकटीत परत जा, उरलेल्या तीन बाजू गिरवून शंकरपाळा रंगवा, मगच नोमारचा. नोमारला आरबीआय 2.

11-10. नंतर बॅटिंग करणारे डॉजर्स पुढे गेले, म्हणून सामना तिथेच संपला. तीन आउट पूर्ण होण्याची वाट पाहू नका, शेवटच्या चौकटीखाली तिरकी रेघ मारून वही मिटा.