धुराड्याच्या वाटेने शिका: ज्युनियर इंजिनिअरसाठी थोडं अनुभवाचं

जहाजावर नवीन आलेला प्रत्येक जण आधी मेन इंजिन बघतो, आणि ते साहजिकच आहे. पण माझ्या मते पहिल्या आठवड्यातच जिने चढून एक्झॉस्ट गॅस इकॉनॉमायझरपर्यंत, म्हणजे इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरपर्यंत, जावं. मोठं टू-स्ट्रोक इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण निम्मीच शाफ्टवर देतं. जवळपास पाव हिस्सा एक्झॉस्टमधून जातो. बाकीची स्कॅव्हेंज एअर कूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा), जॅकेट वॉटर (सिलिंडरभोवती फिरणारं थंड करणारं पाणी) आणि ल्युब ऑइलमार्फत शेवटी समुद्रात जाते.

जॅकेट वॉटरचं गणित सोपं. ते ८०-८५ अंशांवर बाहेर पडतं आणि त्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या फ्रेश वॉटर जनरेटरमध्ये व्हॅक्यूम असल्याने समुद्राचं पाणी तिथे कमी तापमानातच उकळतं. पिण्याचं पाणी जवळजवळ फुकट मिळतं.

खरी मेहनत एक्झॉस्टवर आहे. टर्बोचार्जरनंतरही (गॅसच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारं यंत्र) गॅस अडीचशे अंशांच्या आसपास असतो. इकॉनॉमायझर त्यावर वाफ करतो आणि त्या वाफेवर हेवी फ्युएल तापतं, प्युरिफायरचे (इंधन-तेल शुद्ध करणारी यंत्रं) हीटर चालतात. वाफ उरलीच तर काही जहाजांवर वाफेवर वीज करणारा टर्बो जनरेटर फिरतो. मग सगळीच उष्णता का काढून घेत नाहीत? गॅस फार थंड झाला की इंधनातल्या गंधकामुळे नळ्यांवर सल्फ्युरिक ॲसिड साचतं आणि नळ्या खातं. ही मर्यादा तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, पण ती पाठ करू नका, समजून घ्या.

आता काजळी. हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जहाज स्लो स्टीमिंगवर, म्हणजे मुद्दाम कमी वेगात, असलं की गॅसचा वेग मंदावतो आणि काजळी नळ्यांना धरते. लक्षणं लॉगबुकात दिसतात: इकॉनॉमायझरच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो, बाहेर पडणारा गॅस जास्त गरम राहतो, वाफ कमी पडते. मग ऑइल फायर्ड बॉयलर पेटतो आणि वाचवलेलं इंधन तिथेच जळतं. शिवाय बॅक प्रेशर वाढल्याने मेन इंजिनही जास्त खातं. म्हणून सूट ब्लोइंग (वाफेच्या किंवा हवेच्या झोताने काजळी उडवणं) ठरल्या वेळी झालंच पाहिजे, वॉच (ड्युटीची पाळी) कितीही धावपळीची असली तरी.

एक गोष्ट जिवाशी आहे. इंजिन थांबलं म्हणून इकॉनॉमायझरच्या नळ्यांत पाणी फिरवणारा बॉयलर वॉटर सर्क्युलेटिंग पंप बंद करू नका. साचलेली काजळी पेटली आणि नळ्यांत पाणी फिरत नसेल, तर आग इतकी भडकते की नळ्यांचं लोखंडच जळू लागतं. चीफ इंजिनिअरच्या परवानगीशिवाय त्या पंपाच्या स्विचला हात लावायचा नाही.

लाईन ट्रेस करताना, म्हणजे पाइपांची वाट शोधत जाताना, कागद-पेन्सिल घ्या, वाफेची वाट स्वतःच्या हाताने काढा. कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) हॉटवेल या टाकीत परत येईपर्यंत. त्यानंतर चीफकडे शॉप ट्रायलचा, म्हणजे कारखान्यात झालेल्या इंजिनच्या चाचणीचा, अहवाल मागा. सारख्या लोडवरचं तेव्हाचं आणि आजचं एक्झॉस्ट तापमान शेजारी लिहा, इंजिन रूमच्या हवेचं तापमानही नोंदवा, नाहीतर तुलना फसते. फरक दिसला की थेट चीफला विचारा. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पोराला शिकवायला चीफ वेळ काढतात.