बुकिंगची यादी आणि बिलाचा रिपोर्ट एकाच डॅशबोर्डवर कसा आणायचा

शुक्रवारी रात्री आठला रेस्टॉरंटमध्ये किती टेबलं लागणार, हे बुकिंगच्या ॲपला ठाऊक असतं. त्या टेबलांवर काय खपलं, हे बिलिंग सॉफ्टवेअरला. या दोघांची गाठच पडत नाही, म्हणून ‘आठ जणांची टेबलं घ्यावीत की दोन-दोनची?’ यासारख्या साध्या प्रश्नालाही मालक अंदाजाने उत्तर देतो.

साधनं फार लागत नाहीत. साठ-सत्तर खुर्च्यांच्या जागेला गूगल शीट्स आणि लुकर स्टुडिओ (शीटमधल्या आकड्यांचे तक्ते दाखवणारं गूगलचं साधन) पुरतं. दोन-तीन शाखा असतील तर पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं तसंच साधन घ्या. डॅशबोर्डवरचे तक्ते अर्ध्या दिवसात उभे राहतात. वेळ खाते ती त्याआधीची जोडणी, आणि आकडे चुकतात तेही तिथेच.

काय उतरवून घ्यायचं

बुकिंगच्या बाजूने हे रकाने हवेत: बुकिंग क्रमांक, बुकिंग केव्हा केलं, कधीसाठी केलं, सांगितलेले पॅक्स (माणसं), फोन, कुठून आलं (ॲप, फोन, व्हॉट्सॲप), शेवटची स्थिती, टेबल क्रमांक, बसवल्याची वेळ आणि प्रत्यक्ष आलेले पॅक्स. यातले शेवटचे दोन बहुतेक ठिकाणी रिकामे असतात. दारावरच्या माणसाला ते भरायची सवय लागेपर्यंत पुढे जाऊ नका.

बिलिंगमधून बिलांची गोषवारा यादी नको, आयटमवाइज रिपोर्ट घ्या. त्यात बिल क्रमांक, टेबल, पहिल्या केओटीची (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीची) वेळ, सेटल झाल्याची (बिलाचे पैसे मिळाल्याची) वेळ, पदार्थ, नग, दर, सूट आणि ऑर्डरचा प्रकार हवा. पार्सल आणि डिलिव्हरी लगेच वेगळी काढा. रद्द केओटी आणि एनसी (पैसे न घेतलेली) बिलंही बाजूला ठेवा, नाहीतर माणशी खर्च (एका पाहुण्यामागची विक्री) चुकीचा येतो.

विक्री म्हणजे कोणता आकडा, हे एकदाच ठरवा: सूट वजा केल्यानंतरची, कर लावण्याआधीची रक्कम. जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज वेगळ्या रकान्यात. बार असेल तर मद्यावर जीएसटी नसून व्हॅट असतो, त्यामुळे एकूण बिलातून सरसकट ५ टक्के काढून निव्वळ विक्री शोधायचा मार्ग तिथे चालत नाही.

जोडायच्या आधीची सफाई

फोन नंबर एकीकडे +९१ लावून, दुसरीकडे शून्य लावून, तिसरीकडे मधे जागा सोडून येतो. अंकांशिवायचं सगळं पुसा आणि उजवीकडचे १० अंक ठेवा. शीट्समध्ये ‘रेजेक्सरिप्लेस’ आणि ‘राइट’ ही दोन फंक्शनं एकात एक घातली की काम होतं.

तारखांचा घोळ जास्त चिवट. शीटचं लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं असेल तर ०५/०८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. सेटिंगमध्ये लोकेल भारत करा. काही ॲप वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतात. रात्री आठचं बुकिंग दुपारी अडीचचं दिसलं तर ५ तास ३० मिनिटं मिळवायची आहेत, हे लगेच ओळखा. शिवाय रात्री साडेबाराला सेटल झालेलं बिल आदल्या दिवसाचं. व्यवसायाचा दिवस पहाटे ४ ला बदलतो असं धरा आणि त्याप्रमाणे तारखेचा वेगळा रकाना करा.

टेबलांची नावं दोन्हीकडे एकच हवीत. बुकिंगमध्ये ‘गार्डन ४’, बिलात ‘जी-४’ आणि वेटरच्या तोंडी ‘झाडाखालचं’ असेल तर एक छोटी नावांची शीट करून सगळी एका नावावर आणा. पदार्थांचंही तेच: ‘व्हेज कोल्हापुरी’, ‘व्हेज. कोल्हापुरी’ आणि ‘व्हेज कोल्हापुरी हाफ’ यांना एक कोड, एक वर्ग.

बुकिंग आणि बिल यांची गाठ

सगळ्यात पक्का उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच. टेबल उघडताना कॅप्टनने बुकिंग क्रमांक बिलाच्या शेऱ्यात टाकायचा. पाच सेकंदांचं काम आहे, पण रश असताना नेमकं तेच राहतं. म्हणून खाली आणखी दोन जाळ्या लावा. शेऱ्यात क्रमांक नसेल तर फोन आणि दिवस जुळतात का पाहा. तेही नसेल तर टेबल तेच आणि पहिली केओटी बसवल्याच्या वेळेपासून ४५ मिनिटांत फाडलेली, असं बिल शोधा. बिलाची छापील वेळ यासाठी वापरू नका. ती बहुधा जेवण संपल्यानंतरची असते आणि तिच्या जोरावर जोडलं की पुढच्या पाहुण्यांचं बिल आधीच्यांच्या नावावर जातं. कोणत्या जाळीत गाठ पडली तेही एका रकान्यात लिहा. तिसऱ्या जाळीतल्या गाठींवर डोळे झाकून विश्वास नको, कारण पाहुणे मधेच टेबल बदलतात आणि बुकिंगमध्ये जुनंच टेबल राहतं.

उरलेली बिलं वॉक-इन, म्हणजे बुकिंग न करता आलेल्यांची. पण ‘आले’ अशी नोंद असून बिल सापडत नसलेलं बुकिंग ही जोडणीतली चूक आहे, त्याला नो-शो (बुकिंग करून न येणं) म्हणू नका. आलेल्या बुकिंगांपैकी शेकडा ५ हून जास्त अशी निघाली तर आधी तीच तपासा.

‘भेट’ नावाची मधली शीट

बुकिंगच्या ओळींना आयटमच्या ओळी थेट जोडू नका. एक उदाहरण घ्या. रात्री ८ चं ६ जणांचं बुकिंग, आले ७ जण, बसवले ८.२० ला, पहिली केओटी ८.३२ ला. जाताना त्यांनी बिल दोघांत वाटून घेतलं: २,३१० आणि १,४८० रुपये, मिळून ३,७९०. दोन्ही बिलांत पदार्थांच्या ओळी १४. थेट जोडणी केली की ‘७ पॅक्स’ हा आकडा चौदाही ओळींवर येतो, डॅशबोर्ड ९८ माणसं मोजतो आणि माणशी खर्च ३९ रुपये दाखवतो. खरा आकडा ५४१. बुकिंगमधले ६ पॅक्स धरले असते तर ६३२ आला असता. तिन्ही आकडे पडद्यावर सारख्याच सुबक अक्षरांत दिसतात!

म्हणून एक टेबल एकदा बसलं की ‘भेट’ शीटमध्ये एकच ओळ: भेट क्रमांक, बुकिंग क्रमांक (वॉक-इनला रिकामा), प्रत्यक्ष पॅक्स, बसल्याची वेळ, सेटलची वेळ, सगळ्या बिलांची मिळून विक्री. वॉक-इनचे पॅक्स बिलावरून घ्या, आणि कॅप्टन सवयीने प्रत्येक बिलावर २ टाकत नाही ना, हेही बघा. पदार्थांची शीट वेगळी ठेवून तिच्या प्रत्येक ओळीला भेट क्रमांक द्या. माणसं मोजायची ती भेटीच्या शीटवरून, नग मोजायचे ते पदार्थांच्या शीटवरून. लुकर स्टुडिओत ब्लेंड करून (दोन शीट तिथेच जोडून) हे जमेल असं वाटतं, पण ब्लेंडही ओळी अशाच फुगवतो. जोडणी शीटमध्येच उरका.

शीटला १ कोटी सेलची मर्यादा आहे. रोज १०० बिलं, बिलामागे ८ ओळी, १५ रकाने धरले तर वर्षाला सुमारे ४४ लाख सेल होतात, आणि शीट त्याच्या कितीतरी आधी रडायला लागते. जुने महिने वेगळ्या फाइलमध्ये हलवत राहा.

पडद्यावर काय ठेवायचं

पहिलं पान मॅनेजरसाठी: आडवे वार, उभे तास, प्रत्येक घरात आलेले पॅक्स, आकड्याप्रमाणे गडद होणारा रंग. लुकर स्टुडिओत पिव्होट टेबल हीटमॅपसह घेतलं की झालं. शेजारी नो-शोचं प्रमाण, पण ते नुसतं एकूण नको. बुकिंग किती दिवस आधी केलं यावर फोडा, म्हणजे आठवण करणारा फोन कोणाला करायचा ते कळतं.

माणशी खर्च काढताना सरासरीची सरासरी घेऊ नका. २ जणांचं १,६०० चं टेबल माणशी ८०० आणि १० जणांचं ४,००० चं टेबल माणशी ४००, यांची सरासरी ६०० येते. प्रत्यक्षात ५,६०० भागिले १२, म्हणजे ४६७. कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये विक्रीची बेरीज भागिले पॅक्सची बेरीज असंच लिहा. टेबल किती वेळ अडकतं यासाठी मात्र मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा. बारा वाजेपर्यंत गप्पा मारणारं एखादं टेबल सरासरी बिघडवतं.

दुसरं पान किचनसाठी, आणि सगळा खटाटोप खरं तर याच्यासाठी. मागच्या चार शुक्रवारी सहा किंवा जास्त जणांच्या टेबलांवर ३१२ माणसं बसली आणि ७८ मटण थाळ्या गेल्या, तर माणशी ०.२५. या शुक्रवारी अशा टेबलांचं बुकिंग ४८ जणांचं, त्यातले ८५ टक्के येतात असं दिसलं असेल तर साधारण ४१ माणसं, म्हणजे १० थाळ्या. वॉक-इनचा अंदाज याच्यात वेगळा मिळवा, एकाच टक्क्यात कोंबू नका.

पुण्यात हा हिशेब श्रावण लागला की कोसळतो. त्यासाठी दिनदर्शिकेची शीट करा आणि प्रत्येक तारखेसमोर श्रावण, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातला गुरुवार, पालखीचा मुक्काम, विसर्जन, मोठा सामना अशी खूण ठेवा. मागच्या वर्षीच्या त्याच इंग्रजी तारखेशी तुलना व्यर्थ आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तुलना तिथीशी करा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आसपासचे रस्ते बंद असतात, तेव्हाच्या नो-शोवरून ग्राहकांबद्दल काहीच निष्कर्ष काढू नका.

रोज सकाळी एक मेळ घाला: भेटींची एकूण विक्री आणि आदल्या रात्रीच्या डे-एंड रिपोर्टमधली डाइन-इन (तिथेच बसून जेवलेल्यांची) विक्री, दोन्ही त्याच व्याख्येने. फरक आला की बहुधा नवा पदार्थ कोडाविना राहिलेला असतो किंवा रात्री बारानंतरचं बिल दुसऱ्या दिवशी पडलेलं असतं. लुकर स्टुडिओ शीटमधली माहिती साधारण १५ मिनिटांनी ताजी करतो, तेव्हा दुरुस्ती लगेच दिसली नाही म्हणून पुन्हा पुन्हा करत बसू नका.

ग्राहकाचा फोन जोडणीपुरता. डॅशबोर्डला जोडलेल्या शीटमध्ये नाव आणि नंबर नकोतच, तिथे फक्त ग्राहक क्रमांक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसणारा डॅशबोर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवरून कुठेही फिरतो. मॅनेजर आणि शेफ यांच्या ईमेलला नावानिशी परवानगी द्या, आणि नोकरी सोडून गेलेल्याचं नाव त्याच दिवशी काढा.