रिमोटच्या गाड्यांची शोभायात्रा काढताय? आधी हे बघा

पाडव्याला डोंबिवलीची स्वागतयात्रा बघून आल्यावर आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ठरवलं की आपणपण काढायची, पण रिमोटच्या गाड्यांची, आणि पहिल्या वर्षी जाम गंमत झाली, एकाने रिमोट दाबला की तीन गाड्या पळायच्या 😄 कारण स्वस्तातल्या बऱ्याच गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालतात आणि एकाच फ्रिक्वेन्सीच्या असल्या की कुणाचाही रिमोट कुणाचीही गाडी हलवतो. म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना खाली बोलवा, रिमोटच्या मागचा आकडा बघा आणि सारखे आकडेवाले वेगवेगळ्या फेरीत सोडा. २.४ गिगाहर्ट्झवाल्या असतील तर एवढं टेन्शन नाही, फक्त एकेक करून ऑन करा म्हणजे ज्याचा रिमोट त्यालाच जोडला जातो.

सजावट हलकी ठेवा. झेंडूची अख्खी माळ टाकली तर गाडी जागची हलत नाही, दोनचार फुलं बास, बाकी पताकेचा कागद, पुठ्ठा, आईस्क्रीमच्या काड्यांची गुढी वगैरे. गुढी उंच केली की वळताना गाडी आडवी होते, वीतभर पुरे. चमकीचा कागद अँटेनावर गुंडाळू नका, सिग्नल अडतो. आणि लोंबणारा दोरा नकोच, चाकात गेला की काढायला अर्धा तास (आमच्या इथे शेवटी आजींची सुई कामाला आली).

सेल नवे टाका, जास्तीचे खिशात ठेवा. आणि वॉचमनकाकांना आधी सांगून गेट बंद ठेवायला लावा.