कॅनडात पहिलं काम शोधताना: दारव्हा-दिग्रसकडच्या पोरापोरींसाठी

यंदा दिवाळीत गावी आलो, तर संध्याकाळी पारावर सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "भाऊ, तिकडं काम भेटते काय?" विचारणाऱ्यांत अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालेले दोघं होते, अमरावतीला बी.ई. केलेला एक होता आणि यवतमाळला नर्स असलेली एक पोरगी होती. पारावर बसून सगळं सांगणं झालं नाही, म्हणून इथे लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. २०१९च्या जानेवारीत कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात आलो, तेव्हापासून इथेच आहे.

काम मिळतं, पण सध्या मिळायला वेळ लागतो. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॅनडातला बेरोजगारीचा दर ७.१ टक्के होता, आणि पंधरा ते चोवीस वयाच्या पोरांत तो त्याच्या दुप्पट होता. म्हणून किमान सहा महिन्यांचं भाडं आणि खाणं निघेल एवढा पैसा स्वतःचा असल्याशिवाय निघू नका. त्यासाठी वावर गहाण टाकू नका. डोक्यावर कर्ज असलं की माणूस मिळेल त्या वाईट कामाला चिकटतो आणि तिथून हलायची हिंमत करत नाही. हे मी जवळच्या पोरांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आपल्याकडून येणारा जवळपास प्रत्येक जण टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला उतरतो, कारण तिथे ओळखीच्या कोणाची तरी खोली असते. मीही तेच केलं. तळघरातल्या खोलीत चौघं राहायचो आणि रोज गोदामं, दुकानं, हॉटेलं यांना अर्ज टाकायचो. तीन महिन्यांत दीडशेच्या वर अर्ज गेले आणि फोन आले दोन. चूक अशी की हजारो लोक जे काम मागत होते, तेच मीही मागत होतो. दारव्ह्याच्या कृषी केंद्रावर चार वर्षं काढली होती, पण ते मी अर्जात लिहिलंच नव्हतं. खेड्यातल्या दुकानाची नोकरी इथे कोण विचारणार, असं वाटायचं.

मग एका सरकारी खर्चाच्या रोजगार केंद्रात गेलो. अशी केंद्रं ऑन्टारिओत गावोगावी आहेत, 'एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओ' नावाखाली चालतात आणि पैसे घेत नाहीत. पहिल्याच आठवड्यात तिथे जा. तिथल्या बाईंनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "दुकानात तुम्ही दिवसभर करत काय होता?" मी सांगत गेलो. शेतकरी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, पान घेऊन यायचा, मी भिंगातून पाहून तुडतुडे आहेत की फुलकिडे ते सांगायचो, कोणतं औषध पंपाला किती ते लिहून द्यायचो, जमलं तर वावरात जाऊन पाहायचो. त्या म्हणाल्या, "हेच लिहा, आणि टोरंटोत शोधू नका. लेमिंग्टनला जा."

लेमिंग्टन टोरंटोपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, एरी सरोवराच्या काठाला आहे. तिथे काचेच्या आणि प्लास्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडी पिकते. एकाच छताखाली आपल्या गावच्या शिवाराएवढं पीक. तोडणीच्या कामाला मेक्सिको, जमैकाचे मजूर हंगामी परवान्यावर येतात, ती पद्धत १९६६पासून चालू आहे. पण रोज ओळीओळीने फिरून कीड मोजणारा माणूसही लागतो. त्याला तिथे 'स्काउट' म्हणतात.

मुलाखत हरितगृहातच झाली. मुख्य बाईंनी विचारलं, "फवारायचं की नाही, हे तुम्ही कसं ठरवता?" मी २०१७चा हंगाम सांगितला, गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तो. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचो, रोज सकाळी पतंग मोजून वहीत मांडायचो, आणि सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले की मगच शेतकऱ्याला फवारणी सांगायचो. त्यांनी एक पिवळा चिकट सापळा हातात दिला आणि कीड ओळखायला सांगितली. पांढरी माशी होती आणि फुलकिडे होते, दोन्ही कापसावर लहानपणापासून पाहिलेले. तिथे पांढऱ्या माशीला मारणाऱ्या एन्कार्शिया नावाच्या बारीक गांधीलमाशीची कार्डं झाडाला टांगतात. बोंडअळीची अंडी मारणाऱ्या मित्रकिडीचे आपले ट्रायकोकार्ड ज्याने लावले, त्याला हे समजायला दहा मिनिटं पुरतात. काम लागलं.

आपण मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला "हो जी, जमेल" म्हणतो. इथे त्याचा उपयोग होत नाही. त्यांना घडलेला प्रसंग ऐकायचा असतो: अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, त्याने काय झालं. आकडे सांगा, पिकाचं नाव सांगा. असे चार-पाच प्रसंग घरी मोठ्याने बोलून पाहा, मोडक्या इंग्रजीत चालतील. बायोडेटात फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, लग्न यातलं काही नको. दोन पानांत काम लिहा, आणि प्रत्येक जाहिरातीसाठी ते थोडं बदला.

"कॅनडातला अनुभव आहे का?" हा प्रश्न फार लोकांना मागे ढकलतो. ऑन्टारिओत १ जानेवारी २०२६पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत ही अट घालता येत नाही. अभियंत्यांसाठी प्रांताच्या परवाना देणाऱ्या संस्थेने मे २०२३मध्येच ती काढली. पण परवाना लागतोच. नर्सिंगलाही नोंदणी लागते, ती प्रक्रिया लांब आहे आणि भारतात असतानाच सुरू करावी.

कागद गावाकडूनच घेऊन निघा. पदवीच्या मूल्यांकनासाठी गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट जावी लागतात. मी एक कागद विसरलो, तर वडिलांना एसटीने अकोल्याला हेलपाटे पडले. जुन्या मालकाकडून कामाचं पत्र घ्या, त्यात नेमकं काय करत होता ते लिहून घ्या. आणि आरटीओतून वाहन परवान्याचं प्रमाणपत्र घ्याच. भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव असा कागदावर दाखवला, तर ऑन्टारिओत परवान्याची वाट बरीच कमी होते. लहान गावात बस नसल्यासारखीच असते. गाडी चालवता येत नाही म्हणून चांगली कामं हातची जातात.

पैशाच्या बाबतीत कडक राहा. काम लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथून उठा. कॅनडात काम करायच्या परवान्याच्या कागदासाठी लाखो रुपये मागणारे एजंट आपल्याकडेही फिरतात, आणि ते बेकायदेशीर आहे. ऑन्टारिओत माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला जुलै २०२४पासून परवाना लागतो आणि तिला कामगाराकडून फी घेता येत नाही. सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे कामाला लागणारा सरकारी नंबर, फुकट मिळतो. काम पक्कं झाल्याशिवाय तो कोणाला देऊ नका. किमान मजुरी ऑक्टोबर २०२५पासून तासाला १७.६० डॉलर आहे. रोखीने त्याहून कमी देणाऱ्याकडे राबू नका, त्या कामाचा पुढे पुरावाही उरत नाही. शेतीच्या कामाला मात्र ओव्हरटाइमचा नियम लागत नाही, हे धरूनच हिशेब करा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले. त्यातले कित्येक उघड्या तोंडाने फवारत होते. इथे औषधाजवळ जाण्याआधी प्रशिक्षण, हातमोजे, मास्क मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि धोक्याचं काम नाकारण्याचाही. नवीन माणूस काम जाईल म्हणून गप्प राहतो. पहिल्या दिवशीही मागा.

पहिलं काम तुमच्या शिक्षणाच्या खालचं असेल, तर धरा, पण एका वर्षाच्या आत पुढच्याची तयारी सुरू करा. आणि काय करता ते घरी खरं सांगा. मी तीन महिने बाबांना सांगत होतो की कंपनीत आहे. स्काउटचं काम लागलं त्या रात्री खरं सांगितलं, की काचेच्या घरात पांढरी माशी मोजतो. बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "तिकडं बी हाय काय ते?" आणि अर्धा तास आपल्या धुऱ्याकडच्या पऱ्हाटीवर किती माशी बसली, ते सांगत राहिले.