रिकाम्या कुंडीला पाणी किती?

झाडांवर वाढणारी ऑर्किड्स सांभाळून हात बसलेला असला, तरी जमिनीत कंद धरणाऱ्या जातींकडे वळताना त्यातलं बरंचसं बाजूला ठेवावं लागतं. या जाती वर्षातले काही महिने पानांसकट दिसेनाशा होतात. नवखे नेमके तेव्हाच घाबरून पाणी घालत राहतात आणि कंद कुजतो.

सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या टेरोस्टायलिस कर्टापासून करा. हिवाळ्यात वाढते, उन्हाळ्यात झोपते, आणि जुना कंद आटताना शेजारी नवे धरते. फूल हिरवट, टोपडं घातल्यासारखं. आतली पाकळी बिजागरीवर असते; चिलटाएवढा कीटक टेकला की ती झटकन वर उडते आणि त्याला आत कोंडते. बाहेर पडायच्या चिंचोळ्या वाटेवर परागांचा गोळा त्याच्या पाठीला चिकटतो. काडीने हलकेच डिवचून हे बघता येतं. मी अजूनही बघतो!

हबेनेरिया रोडोकायलाचं चक्र उलटं: उबेत वाढ, थंडीत झोप. दोघींना एकाच फवाऱ्याखाली ठेवलं तर एक नक्की जाणार. म्हणून लेबलवर नावाइतकेच झोपेचे महिने महत्त्वाचे. कुंडी बदलायची तीही झोपेतच. निचऱ्याला भरपूर जाड वाळू, आणि कंदाचा कोंब वर.

दक्षिण आफ्रिकेतल्या टेबल माउंटनच्या ओढ्याकाठची लालभडक डायसा युनिफ्लोरा मोह घालते, पण तिला मुळाशी सतत गार, ओलं आणि जवळजवळ क्षारविरहित पाणी लागतं. पावसाचं किंवा आरओचं पाणी कायम मिळणार असेल तरच तिच्या वाटेला जा.

बियांच्या नादाला एवढ्यात लागू नका. धुळीसारख्या त्या बीत अन्नसाठा नसतो. निसर्गात बुरशी तो पुरवते. 1922 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून प्रयोगशाळेतली रोपं शक्य झाली. तीच घ्या, किंवा कुणाच्या कुंडीत वाढलेले जादा कंद. रानातून उपटलेले कंद स्वस्त मिळाले तरी नकोत. ते सहसा तग धरत नाहीत, शिवाय ऑर्किडचं सगळं कुळ साइटीस, म्हणजे रानटी जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात येतं.

कोंब मातीबाहेर डोकावला की पाणी हळूहळू सुरू करा, तेही सकाळी आणि कुंडीच्या कडेने. पानांच्या बेचक्यात थेंब साचून रात्र गेली की मधोमध काळा डाग पडतो. हवा खेळती राहावी म्हणून पंखा मात्र रात्रीही चालू ठेवा.