पिंपल्स असताना फेशियल करताय? या चुका टाळा

गेल्या लग्नसराईत नाशिकच्या सिडकोतली एक मुलगी आईला घेऊन माझ्या पार्लरमध्ये आली. साखरपुडा परवावर आलेला आणि दोन्ही गालांवर लाल, पू धरलेले पिंपल्स. "ताई, गोल्ड फेशियल करा, चेहरा उजळला पाहिजे," आई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्या रागावल्या. पण त्या गालांवर वीस मिनिटं क्रीम चोळलं असतं, तर ऐन साखरपुड्यात मेकअपखालूनही गाठी दिसल्या असत्या.

पिंपल म्हणजे वरचा मळ नव्हे. त्वचेतलं तेल आणि मृत पेशी रंध्रात अडकतात, तिथे जिवाणू वाढतात आणि आतून सूज येते. अशा जागी जोरात मसाज केला तर आतलं आतच फुटतं, सूज पसरते. म्हणून लाल, दुखरे पिंपल्स असताना मसाज, स्क्रब आणि ब्लीच तिन्ही नकोत. काढायचे ते फक्त ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्स, तेही थोडीशी वाफ देऊन, हलक्या हाताने. पिकलेला पिंपल दाबून फोडू देऊ नका. पिंपल आठवड्यात बसतो, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याचा काळा डाग कित्येक महिने राहतो. लग्न असेल तर साधं क्लीनअप आठ-दहा दिवस आधी करा, आणि नवीन प्रॉडक्ट त्या वेळी पहिल्यांदा लावून बघू नका.

मी जिथे हे काम शिकले, तिथे एकच ब्लॅकहेड रिमूव्हर दिवसभर गरम पाण्याच्या वाटीत बुडवून सगळ्यांच्या नाकावर फिरायचा. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. व्हाइटहेड काढायची सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढली का, हातमोजे घातले का, टॉवेल धुतलेला आहे का, हे खुर्चीत बसल्यावर बिनधास्त विचारा.

आणि आम्ही विचारतो तेव्हा खरं सांगा. "चेहऱ्याला काही लावता का?" यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही." मग वरच्या ओठाला वॅक्स लावलं की कातडीच सोलून येते आणि तेव्हा कळतं, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. या गोळ्या चालू असताना वॅक्सिंग नाहीच; बंद केल्यावरही किती महिने थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. रात्री अडॅपलीन हे पिंपल्सचं मलम लावत असाल तर तेही सांगा. मेडिकलमधून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेल्या 'गोरं होण्याच्या' ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते वाचा. ही स्टेरॉइड्स आहेत. सुरुवातीला चेहरा चकाकतो, पण सोडलं की पुरळ दुपटीने उठते. अशा चेहऱ्याला मी हात लावत नाही, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते.

नाशिकमध्ये दुचाकीवरच्या मुलींची अजून एक अडचण मी रोज बघते. कॉलेज रोडला शिकणाऱ्या एकीला दर महिन्याला फेशियल करूनही फरक पडेना. पिंपल्स नेमके हनुवटीवर आणि गालांच्या हाडांवर, एका रेषेत. तिचा स्कार्फ उलटा करून पाहिला, तर आतला भाग घाम आणि फाउंडेशनने तपकिरी, कडक झालेला. सुती स्कार्फ, रोज धुतलेला, एवढंच बदललं आणि दोन महिन्यांत ती रेष विरळ झाली. कपाळावरच बारीक पुरळ असेल तर केसांचं तेल तपासा. रात्री चोपून तेल लावून झोपलं की ते उशीवरून चेहऱ्यावर येतं. आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारणार असाल, तर आधीचा आठवडा क्लीनअपही नको, रंग फार झोंबतो.

फेशियलनंतर थोडी लाली संध्याकाळपर्यंत उतरते. दोन-तीन दिवसांनी दुखऱ्या गाठी आल्या तर दाबू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवा आणि सौम्य फेसवॉश, जेल मॉइश्चरायझर, सनस्क्रीन यापलीकडे काही लावू नका. लिंबू, टूथपेस्ट तर नाहीच. खाज सुटून सगळीकडे एकसारखी पुरळ आली तर ती बहुधा प्रॉडक्टची अ‍ॅलर्जी. काय काय वापरलं ते पार्लरमधून लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी मलम दिलं तर पंधरा दिवसांत सोडू नका, फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. जबड्याच्या कडेने खोल गाठी, पाळी मागेपुढे आणि हनुवटीवर राठ केस असं एकत्र दिसलं, तर फेशियलचे पैसे वाचवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पीसीओएसची (हार्मोन्स आणि अंडाशयाच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या.